काल होता तसा आज नाही

ताप हे आपल्याकडचे सगळ्यात नेहमीचे दुखणे. पावसाळा लागला की थेट दिवाळीपर्यंत कुठल्याही तालुक्याच्या गावातला दवाखाना तापाच्या रुग्णांनी भरलेला असतो. त्यांतले बहुतेक चार-सहा दिवसांत बरे होतात. औषधाने, औषधाशिवाय, कधी कधी चुकीच्या औषधानेही. धोका इथेच आहे. एवढे सगळे बरे होताना पाहिले, की पुढचाही होईल अशी डॉक्टरांची आणि घरच्यांची समजूत पक्की होत जाते. त्याच रांगेत कधी तरी एक रुग्ण असा बसलेला असतो, ज्याच्या हाताशी दिवस नसतात, तास असतात. हे पुस्तक त्या एका रुग्णाविषयी आहे.

जंतुसंसर्ग रक्तात उतरून साऱ्या शरीराला वेठीस धरतो (यालाच सेप्सिस म्हणतात) तेव्हा, आणि मेंदू, मज्जारज्जू किंवा नसा अचानक काम सोडू लागतात तेव्हा काय करायचे, असा या पुस्तकाचा विषय आहे. हे दोन विषय एकत्र का घेतले, असे कोणी विचारील. वैद्यकाच्या महाविद्यालयात ते वेगवेगळ्या विभागांत शिकवले जातात, पण रुग्ण दारात येतो तेव्हा विभाग सांगत येत नाही. तापाने फणफणलेले पोर आकडी येऊन बेशुद्ध पडते, तेव्हा तो मलेरिया असेल, मेंदूच्या आवरणाचा दाह असेल, नाही तर नुसती रक्तातली साखर उतरलेली असेल. उलट, म्हातारी आजी रात्रभर असंबद्ध बोलत राहते, तिला ताप मुळीच नसतो, आणि मूळ सापडते लघवीच्या किंवा फुप्फुसाच्या संसर्गात. संसर्ग कुठलाही असो, तो हाताबाहेर जाऊ लागल्याची पहिली बातमी पुष्कळदा मेंदूच देतो.

ही बातमी ओळखायची कशी, याचा उत्तम धडा महाराष्ट्रातच गिरवला गेला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नव्वदच्या दशकात ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच स्त्रियांना शिकवून तयार केलेल्या आरोग्यदूत बाळाला पाहत, जंतुसंसर्गाची शंका आली की आईवडिलांच्या संमतीने इंजेक्शन आणि तोंडाने घ्यायचे अँटिबायोटिक देत. हा अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतले मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले होते, आणि एकूण नवजात मृत्यूही निम्म्याहून अधिक घटले होते. या स्त्रियांजवळ रक्ततपासणी नव्हती, एक्स-रे नव्हता. त्यांच्याजवळ होती खुणांची एक छोटी यादी. आधी नीट रडणारे बाळ आता क्षीण रडते. आधी हातपाय झाडणारे आता लुळे पडले आहे. आधी दूध ओढणारे आता ओढत नाही. आई म्हणते, बाळ सुस्तावले आहे.

या यादीत ‘आधी’ आणि ‘आता’ हे शब्द सारखे येतात, आणि त्यातच तिचे बळ आहे. खूण म्हणजे एखादा आकडा नव्हे. कालच्या आणि आजच्या बाळातला फरक म्हणजे खूण. हा फरक ज्याला कळतो तो माणूस घरात असतो. डॉक्टर रुग्णाला पहिल्यांदाच पाहत असतात. त्यांना ‘आज’ दिसतो, ‘काल’ दिसत नाही. म्हणून घरचे माणूस जेव्हा म्हणते, “डॉक्टर, हा असा कधी नसतो हो,” तेव्हा ते वाक्य काळजीपोटी आलेले म्हणून सोडून द्यायचे नसते, केसपेपरवर पहिल्या ओळीत लिहायचे असते. पुढच्या सगळ्या प्रकरणांचा पाया हा एवढाच आहे.

त्या मानाने तापाचा आकडा फसवा असतो. १०४ ताप असूनही मूल उतारा पडताच खेळू लागते, पाणी मागते, आईकडे बघून हसते. ते बहुधा निभावून जाते. ९९ ताप असलेले मूल हाक मारली तरी डोळे उघडत नसेल, तर मात्र थांबून चालत नाही. नवजात बाळात आणि वृद्धांत गंभीर संसर्ग ताप न येता, अंग गार पडूनही दिसतो. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी धोक्याच्या चार खुणा आरोग्य सेविकांना शिकवलेल्या असतात: काही पिता न येणे, प्यायलेले सगळे उलटून पडणे, आकडी येणे, आणि ग्लानी किंवा बेशुद्धी. त्यांतली एक दिसली तरी पुरे. जोडीला श्वास मोजायचा, तोही घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांखालच्या बाळाचा मिनिटाला ६० किंवा अधिक, वर्षाच्या आतल्या बाळाचा ५० किंवा अधिक, पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा ४० किंवा अधिक श्वास म्हणजे वेगवान श्वास. मोठ्या माणसात २२ किंवा त्याहून अधिक श्वास, १०० किंवा त्याहून खालचा वरचा रक्तदाब आणि बदललेली शुद्ध, यांतल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर सेप्सिस मनात आलाच पाहिजे. उलट, एवढ्या खुणा नसल्या म्हणून सेप्सिस नाहीच, असेही समजू नये. या खुणांना यंत्र लागत असेल तर ते रक्तदाबाचे. तरीही दवाखान्याच्या कागदांवर सर्वांत कमी वेळा सापडणारी नोंद श्वासाचीच असते.

मेंदूचे बोलणे मोजके असते. कारणे शेकडो, पण त्याला सांगता येते ते थोडक्यात: ग्लानी, आकडी, बरळणे, डोकेदुखी, उलटी, एखाद्या अंगाची अशक्तता. त्यामुळे निरनिराळे आजार एकाच नावाखाली गोळा होतात. आपल्याकडे ते नाव ‘मेंदूज्वर’. १९६५ साली नागपूर भागातल्या चांदीपुरा गावातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला, एक नवा विषाणू सापडला आणि गावाचे नाव त्याला कायमचे चिकटले. वाळूमाशीतून पसरणारा हा विषाणू २००३ साली आंध्र प्रदेशात आणि महाराष्ट्रात, २०२४ साली गुजरातेत मुलांचे बळी घेऊन गेला. ताप, उलटी, आकडी, बेशुद्धी, आणि एक-दोन दिवसांत मृत्यू, असा त्याचा वेग असतो. त्यावर नेमके औषध आजही नाही.

पण चेहरा तोच आणि आजार वेगळा, असेही घडते. पूर्व उत्तर प्रदेशात गोरखपूरच्या आसपास दर पावसाळ्यात मुले दगावत. जपानी मेंदूज्वराची लस २००६पासून दिली जाऊ लागली, तरी साथ पुरती थांबली नाही. पुढे उमगले, की उरलेल्या मुलांपैकी मोठ्या हिश्श्याला स्क्रब टायफस होता. झुडपातल्या सूक्ष्म किड्याच्या चाव्यातून येणारा हा आजार डॉक्सिसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिन या साध्या, स्वस्त औषधांनी बरा होतो. बिहारमधल्या मुझफ्फरपूरची गोष्ट तर याहून बोलकी. तिथे लिचीच्या हंगामात पहाटे पहाटे मुलांना आकडी येई. अभ्यासाअंती कळले, की हा संसर्गच नव्हता. रात्री न जेवता झोपलेल्या, कुपोषित मुलांनी दिवसा लिची खाल्लेली असे, आणि त्या फळातल्या द्रव्यामुळे त्यांची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरत असे. मुलाला रात्री जेवू घालणे हा त्यावरचा प्रतिबंध होता आणि शिरेतून ग्लुकोज हा उपचार.

या तिन्ही गोष्टींतून या पुस्तकाची एक शिस्त निघाली आहे. बेशुद्ध रुग्ण आला की ‘हा आजार कोणता’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की ‘यात बरे करता येण्यासारखे काय काय असू शकते?’ श्वासमार्ग मोकळा आहे का? बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर पाहिली का? मलेरियाची रॅपिड टेस्ट केली का? काखेत, जांघेत, स्तनाखाली, कमरपट्ट्याच्या जागी सिगारेटने भाजल्यासारखी काळी खपली शोधली का? ती सापडली तर स्क्रब टायफसचे निदान तिथेच झाल्यात जमा. जमिनीवर झोपणाऱ्या माणसाला सर्पदंशाबद्दल विचारले का? ज्यावर औषध नाही त्याचे नाव उद्या कळले तरी चालेल. ज्यावर आहे, ते आज सुटता कामा नये.

मेंदूच्या आवरणाच्या जिवाणूजन्य दाहात, म्हणजे मेनिन्जायटिसमध्ये, ही शिस्त सगळ्यात कसाला लागते. क्विंके या जर्मन वैद्याने १८९१ साली पाठीच्या मणक्यांमधून पाणी काढण्याची रीत घालून दिली, तेव्हापासून हे पाणी म्हणजेच पुरावा ठरला. ताप, आखडलेली मान आणि बदललेली शुद्ध ही तीन लक्षणे प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो. पण नेदरलँड्समध्ये ६९६ प्रकरणांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा दिसले की ही तिन्ही लक्षणे एकत्र जेमतेम ४४ टक्के प्रकरणांत होती. डोकेदुखी धरून चारांपैकी किमान दोन मात्र ९५ टक्के प्रकरणांत होती. मान वाकते म्हणून मेनिन्जायटिस नाही, असे म्हणणारा डॉक्टर म्हणूनच फसतो. अँटिबायोटिक्स येण्यापूर्वी या आजारातून क्वचितच कोणी वाचे. आज वाचतात, पण औषध वेळेत पडले तरच. अनेक ठिकाणी आधी सिटी स्कॅन, मग पाणी, मग औषध असा क्रम चालतो आणि त्यात अर्धा दिवस जातो. योग्य क्रम असा: शक्य असेल तर रक्ताचा नमुना घ्या, अँटिबायोटिकचा पहिला डोस द्या, मग पुढच्या तपासण्यांकडे वळा. उपचार आधी आणि खात्री नंतर, हे ऐकायला अशास्त्रीय वाटते. या आजारात शास्त्र तेच सांगते.

त्याच कुटुंबातला दुसरा आजार मात्र घाई करत नाही, आणि म्हणूनच निसटतो. क्षयाचा मेनिन्जायटिस आठवडे घेत येतो. मूल चिडचिडे होते, शाळेत लक्ष लागत नाही, जेवण सुटते, अधूनमधून उलटी होते, संध्याकाळी कणकण येते. घरचे नजर लागली म्हणतात, डॉक्टर पित्त किंवा टायफॉइड म्हणतात. एक दिवस डोळा तिरळा होतो, शुद्ध हरपू लागते, आणि तोवर पुष्कळ नुकसान होऊन गेलेले असते. इथे ‘काल’ म्हणजे गेला महिना. लांबलेल्या डोकेदुखीत आणि तापात, घरात क्षयाचा रुग्ण असेल तर विशेषच, हा आजार वगळल्याशिवाय पुढे जायचे नाही. बीसीजीची लस लहान मुलांत याच रूपाविरुद्ध सर्वाधिक उपयोगी पडते.

हर्पीस विषाणूच्या मेंदूदाहाचे सोंग आणखी निराळे. कालपर्यंत व्यवस्थित असलेला माणूस ताप येऊन विचित्र वागू लागतो, घरच्यांची नावे विसरतो, नसलेले वास आल्याचे सांगतो. कुणी त्याला मनोविकार समजते, कुणी देवऋषाकडे नेते. असायक्लोव्हिर येण्यापूर्वी यातले सुमारे ७० टक्के रुग्ण दगावत. वेळेवर औषध मिळाल्यास हे प्रमाण बरेच खाली येते. उशीर झाल्यास माणूस वाचतो, पण त्याची स्मरणशक्ती वाचत नाही. ताप आणि नव्याने आलेले वेड एकत्र दिसले, तर तो मेंदूचा आजार आहे असे आधी धरून चालावे.

वेगाचा एवढा आग्रह धरताना घाईपासून सावध करणेही आवश्यक आहे. केनिया, टांझानिया आणि युगांडा या देशांत ३,१००हून अधिक तापाच्या गंभीर मुलांवर झालेली एक मोठी चाचणी २०११ साली प्रसिद्ध झाली. रक्ताभिसरण खालावलेल्या मुलांना झपाट्याने सलाइन द्यावे, हे तोवर निर्विवाद मानले जाई. निष्कर्ष उलटा निघाला. झपाट्याने सलाइन दिलेल्या मुलांतले मृत्यू ४८ तासांत १०.५ टक्के, न दिलेल्यांत ७.३ टक्के. अतिदक्षता विभाग जवळ नसलेल्या ठिकाणी या आकड्यांचे मोल फार आहे. निर्णय लवकर घ्यायचा, पण बाटली रुग्णाकडे बघत बघत सोडायची. अँटिबायोटिकचेही तसेच. ज्याला सर्दी-पडसे आहे त्याला ते न देणे आणि ज्याला सेप्सिस आहे त्याला पहिल्या तासात देणे, या दोन्ही एकाच विवेकाच्या बाजू आहेत.

पुस्तकाचा दुसरा भाग ताप नसलेल्या आणीबाणींचा आहे. पक्षाघातात तोंड वाकडे होते, हात उचलता येत नाही, बोलणे अडखळते. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. गुठळी यंत्राने काढण्याची सोय निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत उपयोगी पडते, पण ती मोठ्या शहरांतच आहे. हे तास मोजायचे ते रुग्ण ‘शेवटचा ठीक’ कधी दिसला तिथून. सकाळी सहाला अंथरुणातच हात लुळा आढळला, तर घड्याळ रात्री झोपायच्या वेळेपासून सुरू झालेले असते. ती वेळ फक्त घरच्यांना ठाऊक. तेल चोळण्यात किंवा पारव्याचे रक्त लावण्यात गेलेले तास परत मिळत नाहीत.

आकडीचा हिशेब मिनिटांचा आहे. पाच मिनिटांहून लांबलेली आकडी आपोआप थांबण्याची शक्यता कमी होत जाते, आणि अर्ध्या तासानंतर मेंदूला कायमची इजा होण्याची भीती असते. कांदा किंवा चप्पल हुंगवून, दातांत चमचा घालून काही साधत नाही. कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे, आणि डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेला मिडाझोलामचा स्प्रे नाकात मारावा.

मण्यारीचा दंश बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला होतो. तो दुखत नाही, खूण दिसत नाही. पहाटे पोटात कळा येतात, उलटी होते, मग पापण्या पडू लागतात, गिळता येईनासे होते, शेवटी श्वास अडतो. अशा रुग्णाच्या बाहुल्या विस्फारलेल्या असल्या आणि हात हलत नसला, तरी आतून तो शुद्धीवर असू शकतो, म्हणून त्याला मृत समजण्याची घाई करू नये. श्वास कृत्रिमरीत्या चालू ठेवला आणि प्रतिसर्पविष दिले तर तो उठून घरी जाऊ शकतो. प्रतिसर्पविषाची मात्रा मुलाला आणि मोठ्याला सारखीच, कारण साप मूल पाहून कमी विष सोडत नाही.

जानेवारी २०२५मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुलियन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा हे नाव घरोघरी पोहोचले. दूषित पाण्यातून किंवा अन्नातून आलेल्या कॅम्पिलोबॅक्टर जंतूने जुलाब होतात. ते थांबतात आणि काही दिवसांनी शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती नसांवर उलटते. पायांत मुंग्या, मग जिना चढता न येणे, मग हात. पाय लुळे पडतात ते भीतिदायक दिसते, पण जीव जातो तो श्वासामुळे. रुग्णाला एका दमात आकडे मोजायला सांगावे. २०पर्यंतही पोहोचत नसेल तर व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयाकडे निघावे.

काही आजारांत आणीबाणी ओळखू येते तोवर संधी संपलेली असते. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचत नाही असेच म्हणावे लागते. तिथे उपचाराची वेळ म्हणजे चाव्यानंतर लगेचची: पंधरा मिनिटे साबण आणि वाहते पाणी; त्यानंतर लस, आणि रक्त आलेल्या जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही. धनुर्वातातही खरा बचाव आधीच करायचा असतो. लसीकरण आणि स्वच्छ बाळंतपण यांच्या बळावर भारतातून माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात हटल्याचे २०१५ साली जाहीर झाले. म्हणून या पुस्तकात लसींचे प्रकरण शेवटी परिशिष्टात न ढकलता मधोमध ठेवले आहे.

हे लेखन प्राथमिक आरोग्य केंद्रातले वैद्यकीय अधिकारी, फॅमिली डॉक्टर, परिचारिका, आशाताई आणि जाणती कुटुंबे यांच्यासाठी आहे. प्रत्येक प्रकरणाचे तीन भाग केले आहेत: घरी काय दिसते, दवाखान्यात काय करावे, आणि पुढे पाठवताना काय लिहावे. तिसऱ्या भागाकडे दुर्लक्ष करू नका. ‘ताप, बेशुद्ध, पुढील उपचारासाठी’ एवढ्याच चिठ्ठीवर पाठवलेल्या रुग्णाची सगळी कहाणी मोठ्या रुग्णालयात पहिल्यापासून विचारावी लागते. रुग्ण शेवटचा ठीक कधी होता, काय बदलले, कोणते औषध किती वाजता दिले, साखर किती होती, या चार ओळी त्याच्यासोबत गेल्या तर पुढच्या डॉक्टरांचा तासभर वाचतो. औषधांच्या मात्रा वजनावर आणि वयावर ठरतात आणि मार्गदर्शक सूचनाही बदलत राहतात, म्हणून त्या चालू शासकीय नियमावलीशी ताडून पाहाव्यात.

एक काम मात्र वाचकांनी पहिले प्रकरण उघडण्याआधीच करावे. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला एक कोरा तक्ता छापला आहे. आपल्या भागात प्रतिसर्पविष कुठे मिळते, रेबीजचे इम्युनोग्लोब्युलिन कुठे, रात्री सिटी स्कॅन कुठे चालू असतो, व्हेंटिलेटर कुठे आहे, आणि १०८ची रुग्णवाहिका आपल्या वाडीपर्यंत पोहोचायला साधारण किती वेळ घेते, हे सगळे आजच, एखादा फोन करून, पेन्सिलीने भरून ठेवा. दर सहा महिन्यांनी ते खोडून पुन्हा लिहा. ही माहिती कुठल्याच छापील पुस्तकात मिळणार नाही, आणि रात्री दोन वाजता सर्वांत आधी तीच लागेल.